अठ्ठेचाळीस गुणांची भीती

माणसाच्या भीतीला गुण देता येतात, यावर संघमित्राचा पूर्ण विश्वास होता. विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतरही नव्हतं, कारण पीएच.डी.ची पाच वर्षं तिनं त्या एका मापावर काढली होती. माप साधं होतं. दहा वाक्यं आणि प्रत्येकापुढं पाच चौकोन. 'अजिबात नाही'ला एक गुण, 'अगदी खरं'ला पाच. 'माझ्यावाचून इतर लोक काहीतरी ठरवतील असं मला वाटत राहतं.' 'थोडा वेळ फोन पाहिला नाही तर काहीतरी हुकेल अशी धास्ती वाटते.' अशी ती वाक्यं. सगळ्यांत कमी गुण दहा, सगळ्यांत जास्त पन्नास. कॉलेजातली पोरं या दुखण्याला फोमो म्हणत. संघमित्रानं प्रबंधात 'हुकण्याची भीती' असा शब्द घातला होता आणि तो तिला मनापासून आवडायचा.

हे माप तिनं एकदा गुपचूप स्वतःलाही लावून पाहिलं होतं. एकोणचाळीस आले. येणारच. विभागाच्या ग्रुपवर आज कुणाचा शोधनिबंध छापून आला आणि कुणाची नेमणूक झाली हे बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नसे. तिच्या मागून आलेल्या दोघी डॉक्टर होऊन कुठल्याकुठं निघून गेल्या होत्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात म्हणत तिनं त्यांच्या अभिनंदनाला टाळ्यांची चित्रं टाकली होती. तो एकोणचाळीसचा कागद मात्र तिनं बारीक फाडून टाकला.

तिला वाढवून मिळालेली मुदत जूनमध्ये संपत होती. तिचे मार्गदर्शक अभिमन सर जळगावच्या कॉलेजात होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आकड्यांखेरीज काही दिसत नसे. फेब्रुवारीत त्यांनी तिचे सगळे कागद चाळले आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे सगळे नमुने शहरातले आहेत, परीक्षक विचारतील की खेड्यातल्या कष्टकरी बायका कुठं आहेत. दुसरी, भीती आहे हे कुणीही दाखवील, ती कमी करून दाखवा. मग संघमित्रानं एक उपाय योजला. फोनचा उपास. रोज एक तास फोन कापडी पिशवीत घालून नाडी बांधायची, असं आठ दिवस. उपासाआधी गुण मोजायचे, उपासानंतर तीन आठवड्यांनी परत मोजायचे.

त्यासाठी तिला यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत बुडालेलं एक गाव मिळालं. तिथल्या अंगणवाडी सेविका सुनंदाबाई ओळखीतून ओळख निघून हाती लागल्या. वरून आलेलं काम प्रश्न न विचारता पार पाडायची सुनंदाबाईंची तीस वर्षांची सवय. त्यांनी तडवी वस्तीतल्या सात जणी अंगणवाडीत आणून बसवल्या. सातही जणी केळीच्या पॅकिंगला जाणाऱ्या. घडाच्या फण्या सुट्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, पुसून खोक्यात भरायच्या. केळीचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि कशानंही निघत नाही. त्या चौदा हातांवर ते काळे डाग होते, आणि त्याच हातांनी त्यांनी पेन धरले.

त्यातल्या मदिना तडवीला अठ्ठेचाळीस गुण पडले.

संघमित्रानं बेरीज तीनदा केली. पाच वर्षांत तिच्याकडं सहाशे कागद जमले होते, त्यांत शेहेचाळीसच्या वर कुणी गेलं नव्हतं. रात्रंदिवस फोटो टाकणारी पोरं मागं पडली आणि ही चाळिशीची बाई, जिचा स्वतःचा एक फोटोसुद्धा फोनमध्ये नव्हता, ती पहिली आली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं संघमित्राला झालं. मदिनाबाईनं संकोचानं विचारलं, मले किती पडले? संघमित्रानं हसून खरा आकडा सांगितला, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. मदिनाबाईचा चेहरा असा उजळला की संघमित्राला पुढचं समजावून सांगवलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी पेपर दिला होता आणि त्यात ती पहिली आली होती. घरी गेल्यावर तिनं ते आपल्या रूहीला सांगितलं. रूही अकरावीला होती, रोज बसनं यावलला जायची. तिला त्यातलं मर्म कळलं असणार, पण पोरगी गप्प बसली.

कागदाच्या पाठीमागं एक जोडप्रश्न होता. दिवसात कुठल्या वेळी तुम्ही फोन सगळ्यांत जास्त पाहता? सातही जणींनी लिहिलं होतं, संध्याकाळी सात ते आठ. सात माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालं तर निदान कारण विचारावं, एवढी अक्कल शाळेतल्या पोरालाही असते. पण कागदावर 'का' असा रकाना नव्हता, आणि जे रकान्यात नाही ते संघमित्राला दिसेनासं झालं होतं. तिनं एवढंच पाहिलं की दुखणं सात ते आठ सगळ्यांत जोरात असतं. म्हणून उपासाची वेळही तिनं तीच ठरवली.

ती वेळ तशी का होती, हे तिला महिन्यानं कळलं. ते इथंच सांगितलेलं बरं. या पॅकिंगच्या टोळीचे मुकादम भिकननाना यांना व्यापाऱ्याचा निरोप साधारण सातनंतर येई, की उद्या अमक्या बागेवर गाडी भरायची. नाना तो निरोप टोळीच्या ग्रुपवर टाकत. पहिल्या ज्या बारा जणी 'हजर' लिहितील त्यांना दुसऱ्या दिवशीचं काम. दहा मिनिटांत यादी बंद. आणि ओळीनं तीन दिवस जिचं 'हजर' आलं नाही तिचं नाव ग्रुपातून जायचं, कारण बाहेर आत यायला टपून बसलेल्या पुष्कळ. मार्च ते जून हाच पॅकिंगचा भर. त्यात नाव गेलं की वर्ष गेलं.

बाकीच्या सहा जणींनी पिशव्या घेतल्या, मान डोलावली आणि घरी गेल्यावर पिशवीत कांदे भरून ठेवले. बाहेरून आलेल्या मॅडमला नाही म्हणायचं नसतं आणि तिचं ऐकायचंही नसतं, ही विद्या त्यांना पाठ होती. रोज एक खूण करायचा जो कागद होता त्यावर त्यांनी आठव्या दिवशी एकदम आठ खुणा केल्या. मदिनाबाईला मात्र ही विद्या आली नव्हती. निघताना तिनं तेवढं विचारलं, "ताई, दुसरा टाइम नही चालनार का? सकाळचा घ्या, दुपारचा घ्या." संघमित्रा म्हणाली, सगळ्यांना एकच वेळ हवी, नाहीतर मोजणी बिघडते. आणि वहीत तिनं लिहून घेतलं, विरोध तीव्र. मदिनाबाई थोडा वेळ पिशवीची नाडी चाळवत राहिली, मग म्हणाली, बरं, करते. तिच्या लेखी हा दिलेला शब्द होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निरीक्षणासाठी संघमित्रा तिच्या घरी जाऊन बसली. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं सारवलेलं अंगण. मदिनाबाईनं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. संघमित्रा पोटभर जेवली. मग हातात तक्ता घेऊन, घड्याळ लावून भिंतीला टेकून बसली. सात वाजता मदिनाबाईनं फोन पिशवीत घातला, नाडी बांधली आणि पिशवी कोनाड्यात ठेवली.

आधी तिनं झाडलेलं अंगण परत झाडलं. मग भरलेली घागर ओतून परत भरली. सात वाजून बारा मिनिटांनी शेजारच्या घरात फोन वाजला, मग पलीकडच्या, मग कोनाड्यातली पिशवीही गुरगुरली. मदिनाबाई जागच्या जागी उभी राहिली. वस्तीतून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली, आणि ती नुसती कोनाड्याकडं बघत राहिली. संघमित्रानं तक्त्यावर खूण केली, पिशवीकडं पाहिलं, वेळ ७:१२. पाच मिनिटांत अशा सहा खुणा झाल्या. अकराव्या खुणेला मदिनाबाई तिच्यापुढं येऊन खाली बसली.

"ताई, एक डाव पाहू का? एकच. लगेच ठेवते परत."

"मदिनाबाई, हीच तर ती तगमग. हेच तर मला मोजायचंय," संघमित्रा मायेनं म्हणाली, आणि तिनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थोडा दम काढा. काही हुकत नसतं."

मदिनाबाईनं दम काढला. शब्द दिला होता आणि घरात पाहुणी बसली होती. रूही दारात उभी होती, ती काहीतरी बोलायला गेली, तर आईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. आठ वाजता संघमित्रा खुशीत उठली. तक्ता इतका सुंदर भरला होता की तसाच्या तसा प्रबंधात छापावा. बसथांब्यापर्यंत रूही तिला सोडायला आली, आणि वाटभर एक अक्षर बोलली नाही. संघमित्राला वाटलं, पोर लाजरी आहे.

उपास संपल्यावर तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या उन्हात ती परत आली. सहा जणींचे गुण थोडे इकडं, थोडे तिकडं. मदिनाबाईला मात्र अकरा पडले.

अठ्ठेचाळीसवरून अकरा. संघमित्राला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ती बाई समोर शांत बसली होती. दहापैकी नऊ वाक्यांना तिनं 'अजिबात नाही'च्या चौकोनात खूण केली होती. माझ्यावाचून इतर लोक काहीतरी ठरवतील? अजिबात नाही. फोन पाहिला नाही तर काहीतरी हुकेल? अजिबात नाही. पेन धरलेली बोटंसुद्धा स्वच्छ दिसत होती, चिकाचे काळे डाग फिके पडले होते. संघमित्राला ते डाग दिसले, आणि तिला वाटलं, बाई आता स्वतःकडं लक्ष द्यायला लागली. उपासाचा गुण म्हणून तिनं तेही वहीत टिपून ठेवलं. माणूस किती शिकून किती आंधळं होऊ शकतं, याला दुसरा दाखला शोधायला नको.

अंगणवाडीच्या मागं सावलीत उभी राहून तिनं अभिमन सरांना फोन लावला. सर आनंदानं खुर्चीतून उठले असावेत, कारण मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला. ते म्हणाले, हीच तुझी मुख्य व्यक्ती. हिच्यावर वेगळं प्रकरण लिही. तिच्याच तोंडून दोन ओळी घे, भीती कशी गेली म्हणून. मे महिन्यात प्रबंध देऊन टाकू. संघमित्राच्या पोटात पाच वर्षांत पहिल्यांदा गार वाटलं. आता ग्रुपवर टाळ्या आपल्यासाठी पडतील, हा विचारही तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

दोन ओळी घ्यायला ती मदिनाबाईच्या घरी गेली. कॉलेजचा दिवस असून रूही घरातच होती. ओट्यावर बसून ती विळा पुसत होती. संघमित्रानं वही उघडली आणि विचारलं की आता फोनची आठवण येत नाही, धास्ती वाटत नाही, तर हे कसं जमलं ते तुमच्या शब्दांत सांगा.

मदिनाबाईला प्रश्नच कळेना. मग कळला, तेव्हा तिनं अगदी सरळ सांगितलं.

"धास्ती कशाची आता? ग्रुपातून नाव गेलं ना माह्यं. तुमच्या तिसऱ्या दिवशीच गेलं. मले मेसेजच येत नही, तं हुकनार काय?"

संघमित्रा म्हणाली, कसला ग्रुप? मदिनाबाईनं सगळं सांगितलं, बारा नावं, दहा मिनिटं, तीन दिवस. आवाजात राग नव्हता. असता तर संघमित्राला बरं वाटलं असतं. ती वहीतल्या त्या कागदांकडं बघत होती, ज्यांवर सात जणींनी सात ते आठ असं लिहिलं होतं, आणि तिला आपल्या हाताखाली गुडघ्याचं हाड लागल्यासारखं वाटत होतं, थोडा दम काढा म्हणताना लागलं होतं ते.

तिनं विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाही?

"सांगितलं व्हतं ना, दुसरा टाइम घ्या म्हनून. तुमी म्हने मोजनी बिघडते."

"आणि नाव गेल्यावरसुद्धा पुढचे पाच दिवस फोन पिशवीत ठेवलात?"

"आठ दिवसाचा शब्द व्हता," मदिनाबाई म्हणाली. रूहीनं विळा जरा जोरात आपटून ठेवला. आता ती अधूनमधून कॉलेज बुडवून आईबरोबर मिळेल त्या कामाला जात होती. हे मदिनाबाईनं सांगितलं नाही, रूहीनंही नाही. विळा पाहून संघमित्राला ते कळलं.

भिकननाना बागेच्या कडेला हौदाजवळ सापडले. बायका रांगेनं फण्या धूत होत्या, गाडी अर्धी भरली होती. संघमित्रानं उभ्या उभ्या सगळी चूक आपल्या पदरात घेतली. ती म्हणाली, दोष माझा आहे, तिचा काही नाही, तिला परत घ्या. नानांनी ऐकून घेतलं. त्यांना बसायला वेळ नव्हता, पण मॅडम म्हणून तिच्यासाठी त्यांनी एक खोकं उलटं करून ठेवलं.

"हे पहा मॅडम," ते म्हणाले, "आधी मी दारोदार फिरून बोलवत व्हतो. मंग हिले घेतलं, तिले काबरं नही, म्हनून रोज शिव्या. आता फोनच ठरवते. मी कोनाचं तोंड पाहत नही. मदिनाचं काम चांगलं व्हतं, मले बी वाईट वाटलं. पन बारा जनी भरल्या." त्यांनी आपला फोन तिच्यापुढं धरला. "तुमी शिकेल आहा. तुमीच सांगा, कोनाचं नाव काढू?"

संघमित्रानं तो फोन हातात घेतला. नावं वाचली. मदिनाबाईच्या जागी आलेली बाई हौदापाशीच होती, पाठीला तान्हं पोर बांधून फण्या पुसत होती. संघमित्राचं बोट वर सरकत गेलं, तारखांमागून तारखा, आणि ती उपासाच्या आठवड्यात जाऊन पोहोचली. तिथं तिच्या बाकीच्या सहाही जणी रोज हजर होत्या, ७:०४ला, ७:०९ला, कधी एका मिनिटात चौघी. म्हणजे तिची सगळी मोजणी खोटी होती. मोजणीत खरी एकच बाई निघाली होती, आणि तिला खरेपणाची ही शिक्षा. तिसऱ्या दिवसापाशी बोट थांबलं. नानांचा निरोप, वेळ ७:१२. खाली बारा नावं. त्याखाली करड्या अक्षरांत एक ओळ, मदिना तडवी यांना काढले.

सात वाजून बारा मिनिटं. ती वेळ संघमित्राच्या तक्त्यावरही होती, तिच्याच अक्षरात. ती तेव्हा तिथं बसून खुणा करत होती. बाई बुडत होती आणि ही काठावर बसून बुडबुडे मोजत होती. तिनं फोन परत दिला आणि तिच्यानं कुणाचंही नाव सांगवलं नाही.

हौदाकडून वस्तीकडं परत येताना तिला आई आठवली. खरं तर आठवायला उशीरच झाला होता. आक्काबाई, तिची आई, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जायची. सकाळी फाटकापुढं पन्नास बाया उभ्या राहायच्या, ठेकेदार येऊन बोटानं मोजायचा, तू ये, तू ये. संघमित्रा लहान होती, आईचा पदर धरून तिथं उभी असायची. एकदा तिला तहान लागली, तिनं नळाकडं ओढ घेतली, तर आईनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. "तहान लागनी तरी गेट सोडानं नही," आई म्हणाली होती, "नंबर जास." त्या दिवशी आईला जर कुणी ते दहा प्रश्न दिले असते, तर पन्नासपैकी पन्नास पडले असते. आणि त्या गुणांवरच पोरीचं शिक्षण झालं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं जळून झालं होतं, आणि वर चांगला रंग बसल्यावर हिला कळेनासं झालं होतं.

रस्त्यात तिनं एक गोष्ट ठरवून टाकली. मदिनाबाईचा आकडा प्रबंधातून काढायचा. अठ्ठेचाळीसही नाही, अकराही नाही. सर चिडतील, जून हातचा जाईल, गेला तर गेला. निदान तिच्या दुर्दशेवर आपण डॉक्टर होणार नाही. हा निर्णय तिला इतका स्वच्छ वाटला की पावलं भराभर पडायला लागली.

मदिनाबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. संघमित्रानं नानांकडं काय झालं ते सांगितलं. मदिनाबाईनं मान हलवली, तिला वेगळं काही अपेक्षित नव्हतंच. मग संघमित्रा म्हणाली की माझ्याकडून एवढंच होईल, तुमचं नाव आणि तुमचे गुण मी माझ्या कामातून काढून टाकते. तुमचा कागद फाडते.

मदिनाबाईचे हात पहिल्यांदा थांबले.

"काबरं?"

"चुकीचं झालं ना सगळं. ते आकडे वापरणं बरोबर नाही."

"त्यायनं ग्रुपातून काढलं," मदिनाबाई म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण आता त्यात राग होता. "आता तुमी तुमच्या वहीतून बी काढता?"

गुन्हा धुऊन टाकायला निघालेलं माणूस धुता धुता दुसरा गुन्हा कसा करतं, ते संघमित्राला त्या क्षणी स्वतःत दिसलं. तिची लाज स्वच्छ व्हावी म्हणून ही बाई पुसली जाणार होती. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. मदिनाबाईनं रूहीला पाणी आणायला सांगितलं. रूहीनं पाणी आणलं आणि तांब्या हातात न देता खाली ठेवला.

"अठ्ठेचाळीस पडले व्हते मले," मदिनाबाई म्हणाली. "ते काबरं पडले ते कोन्या चौकोनात बसत नही, मी सांगते तसं लिहा. सगळं लिहा. तुमच्या सायबाले वाचू द्या."

संघमित्रानं तो कागद उलटा केला. पाठीमागं 'सात ते आठ' या उत्तराखाली अर्धं पान कोरं होतं. ती लिहू लागली. मदिनाबाई सांगत होती, भिकननानांची टोळी कधी सुरू झाली, आपण पहिल्या बारात कशा आलो, एकदा नवरा तापानं फणफणला असताना एका हातात पट्टी आणि एका हातात फोन कसा धरला होता, पावसाळ्यात रेंज नसली की फोन घेऊन टाकीवर कसं चढायचं. अर्धं पान संपलं, मग वहीची पानं सुरू झाली. उद्या हे सरांपुढं ठेवायचं होतं. सर म्हणतील, हे मोजायचं कसं? सर हे घेतील असं संघमित्राला वाटत नव्हतं. तिचा फोन पर्समध्ये दोनदा वाजला, बहुधा विभागाचा ग्रुप. तिनं पर्स उघडली नाही.

ऊन उतरलं. शेळ्या परत आल्या. वस्तीत चुली पेटल्या आणि मग शेजारच्या घरात फोन वाजला, पाठोपाठ पलीकडच्या, पाठोपाठ त्याच्या पलीकडच्या. सात वाजून गेले होते. कोनाड्यातल्या मदिनाबाईच्या फोनवर काही आलं नाही. तरी बोलता बोलता तिची मान तिकडं वळली, शेंगांतून हात उचलला गेला आणि हवेत जरासा थांबून परत सुपात आला. अकरा गुणांची बाई ती. संघमित्रानं ते पाहिलं आणि खाली मान घालून लिहीत राहिली.

"कुठवर आली मी?" मदिनाबाईनं विचारलं.

"टाकीवर चढलात तिथवर," संघमित्रा म्हणाली.

"हां. तं मंग पुढं लिहा."